वर्षभराची पृथ्वीप्रदक्षिणा, दोघांची, चोवीस लाखांत: आराखडा तपासून हवा आहे

नकाशावेडी

नमस्कार. मी ४१ वर्षांची आणि माझा नवरा ४४ वर्षांचा. आम्ही पुण्यात राहतो, मूलबाळ नाही, गृहकर्ज गेल्या दिवाळीत फिटले आणि तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे. नवऱ्याच्या कंपनीने एक वर्षाची बिनपगारी रजा तत्त्वतः मान्य केली आहे. मी घरून अनुवादाची कामे करते. ती वर्षभर घेणार नाही. येत्या एप्रिलच्या मध्यावर निघून पुढच्या एप्रिलच्या मध्यावर परतायचे, असे ठरले आहे.

कच्चा आराखडा असा आहे: मुंबईहून थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, तिथून जपान, पॅसिफिक ओलांडून मेक्सिको, मग कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना, तिथून डिसेंबरच्या सुमारास युरोप, आणि शेवटी जॉर्जिया व मध्य आशियामार्गे घर. एकूण २४ देश होतात. दोघांचे मिळून २४ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत, म्हणजे देशाला एक लाख, असा आमचा ढोबळ हिशोब आहे. पृथ्वीला वळसा घालणारे एकच मोठे तिकीट घ्यावे की सुटी तिकिटे काढत जावे, देशांचा क्रम बरोबर आहे का आणि हे पैसे पुरतील का, हे तीन प्रश्न आहेत.

नवऱ्याच्या दोन अटी आहेत. पूर्वेकडे निघून पश्चिमेकडून परतायचे आणि मध्ये मागे वळायचे नाही. गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातल्याची गोष्ट कृपया कोणी सांगू नये. ती सासूबाईंनी सांगून झाली आहे, आणि कार्तिकेयाने मोराच्या खर्चाचा अंदाज आधी काढला होता का, असे सासऱ्यांनी विचारूनही झाले आहे.

खर्चवही

ताई, बेत वाचून आनंद झाला. मी ३४ वर्षे बँकेत काढली, त्यामुळे पहिल्यांदा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

देशाला एक लाख हा हिशोब बाजूला ठेवा. प्रवासात पैसा देशांवर जात नाही, तो दोन गोष्टींवर जातो: रात्रींवर आणि हलण्यावर. एका गावात दहा रात्री राहिलात तर खोली आठवड्याच्या दराने मिळते, स्वयंपाकघर वापरता येते आणि बाजार कुठे आहे हे तिसऱ्या दिवशी कळते. त्याच दहा रात्री चार गावांत काढल्या तर तीन प्रवास, तीन वेळचे स्थानकावरचे जेवण आणि प्रत्येक गावात पहिल्या दिवशी होणारी तीच फसगत पदरात पडते. वर्षाला २४ देश म्हणजे सरासरी पंधरवड्याला एक देश, आणि हा वेग तुमच्या रकमेला झेपणारा नाही.

आता आकडे पाहू. २४ लाखांतून विमानभाडे साडेसहा लाख, व्हिसा, विमा व लसी मिळून दोन लाख, मागे राहिलेल्या घराचा खर्च (सोसायटीची वर्गणी, मालमत्ता कर, आरोग्यविम्याचा हप्ता) दीड लाख आणि ज्याला हात लावायचा नाही असे दोन लाख वजा करा. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घाला. उरले बारा लाख. प्रत्यक्ष परदेशातल्या रात्री ३३० धरल्या तर दोघांना मिळून दिवसाला साधारण ३,६०० रुपये पडतात. त्यात राहणे, जेवण, बस, संग्रहालयाचे तिकीट आणि तुटलेल्या चपलेची दुरुस्ती, सगळे आले. व्हिएतनाममध्ये एवढ्यात भागेल. युरोपात हिवाळ्यात तेवढ्यात केवळ खोली मिळेल, आणि तीही स्वच्छतागृह सामायिक असलेली.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. युरोपात नेमक्या किती रात्री? आणि पुण्यातले घर वर्षभर कुलपात का ठेवायचे? लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा करतात, तुमचा प्रवास बारा महिन्यांचा आहे. जुळवून घेता येईल.

जाता जाता कराचे सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) परदेशी पाठवलेल्या पैशावर, त्यात फॉरेक्स कार्डावर भरलेली रक्कमही आली, एप्रिल २०२५पासून माणशी वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यास वरच्या रकमेवर २० टक्के कर बँकच आधी कापून घेते. तो रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून मिळते, पण ऐन प्रवासात तेवढे पैसे अडकलेले परवडत नाहीत. दोघांच्या वेगवेगळ्या पॅनवर खर्च विभागून ठेवलात तर हा प्रसंग तुमच्यावर येणारच नाही.

दोन_पिशव्या

आम्ही दोघांनी २०२२–२३मध्ये अकरा महिन्यांचा असाच प्रवास केला. तुमच्या आराखड्यात खर्चाहूनही मोठी अडचण मला दिसते ती पासपोर्टची. इंग्रजीतले बहुतेक सल्ले अशा लोकांनी लिहिलेले असतात, ज्यांना निम्म्या जगात केवळ पासपोर्ट दाखवून शिरता येते. ते ऋतू पाहून क्रम ठरवतात. आपल्याला आधी व्हिसाचे आयुष्य पाहावे लागते आणि मग ऋतू.

तुम्ही एप्रिलमध्ये निघणार आणि युरोपात डिसेंबरमध्ये पोचणार. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे पुणे सोडण्यापूर्वी तो करताच येणार नाही. आणि अर्ज करायचा तो आपण जिथे कायदेशीर रहिवासी आहोत त्या देशातून. अर्जेंटिनात पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाचा अर्ज तिथला दूतावास सहसा घेत नाही. त्यामुळे बुएनोस आयरेसला पोचल्यावर तुमच्यापुढे युरोपचे दार बंद असेल आणि घर सुमारे पंधरा हजार किलोमीटरवर असेल. जपानचेही असेच आहे. भारतात राहणाऱ्यांना एप्रिल २०२४पासून जपानचा ई-व्हिसा मिळतो, पण तो दिल्यापासून तीन महिन्यांत जपानात पाऊल ठेवावे लागते.

यावरून आम्ही एक नियम काढला होता आणि तो वर्षभर उपयोगी पडला. ज्या देशाचा व्हिसा घरूनच काढावा लागतो आणि लवकर शिळा होतो, तो देश घरातून निघाल्यावर पहिला ठेवायचा. ज्यांचे व्हिसा वाटेत संगणकावर किंवा सीमेवर मिळतात, ते देश त्याच्यामागे लावायचे. तुमच्या यादीत असे नाशवंत व्हिसा दोन आहेत, जपान आणि शेंगेन. पहिला क्रमांक मात्र एकालाच देता येतो. म्हणून नवऱ्याची दुसरी अट मोडावी लागेल, असे मला वाटते: वर्षाचे दोन भाग करा आणि मध्ये एकदा घरी या.

तिसरा व्हिसा मात्र अगदी उलट स्वभावाचा आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, शुल्क माणशी १८५ डॉलर. तुम्हाला अमेरिकेत एक रात्रही काढायची नसली तरी तो काढा, कारण तो इतरांची कुलपे उघडतो. चालू अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. पेरू आणि कोलंबियातही लागत नाही, मात्र तिथे तो व्हिसा पुढे निदान सहा महिने चालणारा असावा लागतो. अर्जेंटिनाने २०२५च्या ऑगस्टमध्ये हीच सवलत भारतीयांना दिली. जॉर्जियातही हाच व्हिसा चालतो. मुलाखतीची तारीख मिळायला मुंबईत फार वाट पाहावी लागू शकते, त्यामुळे इतर सगळ्याच्या आधी हे काम हाती घ्या.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिली आहे असे समजा. अमेरिका आणि शेंगेन हे दोन्ही अर्ज पगार चालू असताना करा. परत येण्याचे कारण तुमच्यापाशी आहे, हेच तिथे सिद्ध करायचे असते. "नोकरी सोडली, घर भाड्याने दिले, आता वर्षभर जग पाहणार" हे वाक्य नातेवाइकांत कौतुकाचे असेल, व्हिसाच्या खिडकीशी ते संशयाचे ठरते. कंपनीचे रजेचे पत्र, त्यात कामावर रुजू होण्याची तारीख, तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि दोघांची विवरणपत्रे तयार ठेवा. तुमचे आडनाव माहेरचेच असेल तर विवाहनोंदणीचा दाखलाही प्रत्येक अर्जाला जोडा. आमची नोंदणीच झालेली नव्हती. लग्नानंतर चौदा वर्षांनी तीन साक्षीदार घेऊन आम्ही निबंधकांच्या कार्यालयात उभे राहिलो आणि साक्षीदारांपैकी माझ्या दिराने तिथेही पेढे वाटले.

गोदाकाठ

मूळ आराखड्यातला आग्नेय आशिया काढून टाकावा, असे मी सुचवतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, आणि व्हिएतनामचा नव्वद दिवसांचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो. हे सगळे पुढे कोणत्याही दिवाळीच्या सुट्टीत, चार-पाच तासांच्या विमानप्रवासाने जमण्यासारखे आहे. वर्षभराची रजा पुन्हा मिळणार नाही. ती दूरच्या आणि अवघड ठिकाणांसाठी राखून ठेवावी.

खर्चवही

गोदाकाठ, तुमचे म्हणणे भावनेला पटते, वहीला पटत नाही. व्हिएतनाम आणि कंबोडियातले साठ दिवस वर्षाची सरासरी खाली ओढतात. ते काढले तर त्या रात्री महाग प्रदेशात जातील. स्वस्त देश यादीत ठेवायचे ते पाहण्यासाठी जेवढे, तेवढेच महाग देशांचा भार सोसण्यासाठी.

गोदाकाठ

मग तो भार मध्य आशियाला सोसू द्या. किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान व्हिएतनामहून फार महाग नाहीत, आणि तिथे आपण एरवी जाण्याची शक्यता कमी. कझाकस्तानात भारतीयांना जुलै २०२२पासून चौदा दिवस व्हिसाशिवाय राहता येते, उझबेकिस्तानचा ई-व्हिसा वीस डॉलरचा आहे.

अनवट

तिकिटाविषयी लिहितो. विमानकंपन्यांच्या गटांची जी पृथ्वीप्रदक्षिणेची तिकिटे असतात, त्यांचा साचा सारखाच आहे. प्रवास एकाच दिशेने करायचा, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदा ओलांडायचे, ज्या देशातून निघालो तिथेच संपवायचे आणि सगळे एका वर्षात उरकायचे. वनवर्ल्ड गटाच्या तिकिटात भाडे खंडांच्या संख्येवर ठरते आणि जास्तीत जास्त सोळा टप्पे मिळतात. स्टार अलायन्स गटाने मैलांचे टप्पे पाडले आहेत. तारीख बदलणे सोपे असते, मार्ग बदलला की शुल्क पडते, आणि मधला एक टप्पा न कळवता सोडला तर पुढचे टप्पे रद्द होण्याचा धोका असतो. ज्यांचा पासपोर्ट बळकट आणि बेत पक्का त्यांना हे तिकीट सोयीचे. तुमचा मार्ग व्हिसाच्या निकालावर हलणार आहे आणि तुम्ही मध्ये घरी येण्याचा विचार करत आहात. तुम्ही सुटी तिकिटेच काढावीत. खुष्कीने जेवढे जाता येईल तेवढे जावे; हौसेला मोल नाही म्हणतात, पण विमानकंपन्यांनी ते ठरवून ठेवलेले दिसते.

खुष्कीबद्दल एक धोक्याची सूचना. जॉर्जियातून अझरबैजान आणि कास्पियन समुद्रातल्या बोटीने कझाकस्तान, हा मार्ग नकाशावर इतका देखणा दिसतो की प्रत्येकजण तो आखतो. अझरबैजानने आपल्या जमिनीवरच्या सीमा २०२०मध्ये प्रवाशांना बंद केल्या आणि साथ ओसरल्यावरही त्या उघडल्या नाहीत. तबिलिसीहून कझाकस्तानात विमानानेच जावे लागेल. तसेच दुसरे टोक: पनामा आणि कोलंबिया यांच्या मध्ये रस्ताच नाही. अलास्कापासून निघालेला पॅन-अमेरिकन महामार्ग दारियेनच्या जंगलात सुमारे शंभर किलोमीटर तुटलेला आहे. त्यामुळे मेक्सिकोतून बोगोटाचे विमान आधीच पाहून ठेवा.

नकाशावेडी

सर्वांचे आभार. सगळे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. खर्च त्याला मान्य आहे, व्हिसाचे गणितही मान्य आहे, पण मध्ये घरी येणे म्हणजे प्रदक्षिणा मोडणे, असे त्याचे म्हणणे आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून एक वार दोनदा जगायचा, हे त्याचे शाळेपासूनचे स्वप्न आहे. यावर काही तोड आहे का?

गिरणगाव

मोडते कशी? १९२३मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले होते. त्यांपैकी तिघांनीच, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, ती पूर्ण केली आणि ते १९२८मध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर झाले. त्यांच्याही वाटेत समुद्र होते आणि समुद्रावर सायकल चालत नाही, म्हणून त्यांची प्रदक्षिणा कोणी कमी धरली नाही. आपल्या यजमानांना सांगा की नियम घालणारे तुम्हीच आहात.

दोन_पिशव्या

तोड आहे, आणि ती तुमच्या यादीतच आहे. दोन भाग करा, पण दुसरा भाग स्वतःच पूर्ण वळसा होईल असा ठेवा. पहिल्या भागात शेंगेन आधी, मग जॉर्जिया, मध्य आशिया आणि तश्कंदहून विमानाने घर. दुसऱ्या भागात जपान आधी. टोकियोहून मेक्सिको सिटीला थेट विमान आहे. ते दुपारी उशिरा निघते आणि वाररेषा ओलांडल्यामुळे त्याच तारखेला, घड्याळात निघण्याच्या वेळेच्याही आधी मेक्सिकोत उतरते. त्या दिवशी दुपार दोनदा होते. आम्ही विमानतळावर उतरून दुसऱ्यांदा दुपारचे जेवण केले आणि वहीत एकाच तारखेखाली दोन देशांचा खर्च लिहिला. पुढे कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना, आणि बुएनोस आयरेसहून साओ पाउलोमार्गे अदिस अबाबाला जाणारे विमान घेऊन पूर्व आफ्रिका. तिथून मुंबई अगदी जवळ. पूर्वेकडे निघालात, पश्चिमेकडून आलात, मध्ये एकदाही मागे वळला नाहीत.

दवाखाना

या मार्गात एक वैद्यकीय अट आहे आणि ती नेमकी परतीच्या दारात उभी असते, म्हणून लिहितो.

कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना आणि केनिया हे देश पिवळ्या तापाच्या यादीत येतात. अशा देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. आपल्याकडे तो ताप पसरवू शकणारा डास आहे, ताप मात्र नाही, आणि तो येऊ नये म्हणून सरकार या बाबतीत सवलत देत नाही. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होते. जुलै २०१६पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे एकदा घेतली की झाले. ती जिवंत विषाणूची लस आहे. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लसीच्या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक पासपोर्टाच्याच पाकिटात ठेवा, मोठ्या सामानात नको.

विम्याचेही वर्षाचे दोन भाग करण्याशी जमते. आपल्याकडच्या अनेक प्रवासविम्यांची एका सहलीची मर्यादा १८० दिवसांची असते आणि पॉलिसी भारतात असतानाच घ्यावी लागते. मध्ये घरी आलात तर दुसरी पॉलिसी नव्याने काढता येईल. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. जॉर्जियानेही जानेवारी २०२६पासून येणाऱ्या पर्यटकांना विमा सक्तीचा केला. रक्तदाबाची वा थायरॉईडची गोळी चालू असेल तर ते अर्जात लिहा. ते लपवून काढलेला विमा नसल्यासारखाच. मधल्या मुक्कामात दातांची तपासणी करून घ्या. प्रवासात दाढ दुखली की अंदाजपत्रकाचे तीन आठवडे एका दुपारी जातात.

पैठणी_आणि_पाठपिशवी

थोडे वेगळे विचारते. वर्षभर चोवीस तास एकमेकांसोबत राहण्याविषयी कोणी का लिहीत नाही? आमच्याकडे आठ दिवसांच्या कोकणच्या सहलीत तिसऱ्या दिवशी अबोला होतो.

दोन_पिशव्या

लिहिते. प्रवासाच्या ९७व्या दिवशी, पेरूतल्या अरेकिपाच्या बसस्थानकावर, पाण्याच्या एका बाटलीवरून आमचे भांडण झाले. बस रात्री साडेआठची होती. मी म्हणत होते स्थानकावरची बाटली घेऊ, तो म्हणत होता की बाहेर कोपऱ्यावरच्या दुकानात ती निम्म्या किमतीत मिळते. तो गेला, दुकान बंद होते, तो पुढच्या चौकात गेला आणि मी दोन पिशव्या पायांत धरून फलाटावरच्या घड्याळाकडे पाहत बसले. बस सुटायला चार मिनिटे असताना तो बाटली घेऊन आला. वाचलेले पैसे आपल्या हिशोबाने वीस रुपये होते. पुढचे दहा तास आम्ही बोललो नाही आणि ती बाटली कोणीच उघडली नाही.

कुस्कोत पोचल्यावर दोन गोष्टी ठरवल्या. दिवसाला ठरावीक रकमेच्या आत कोणी कशावर खर्च केला हे दुसऱ्याने विचारायचे नाही. आमची ती रक्कम माणशी ३०० रुपये होती आणि मी ती बहुतेकदा कॉफीवर उडवली. आणि आठवड्यातून एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघांनी वेगवेगळे हिंडायचे. त्या संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असते, जे एरवी नसते, कारण सगळे दोघांनी एकत्रच पाहिलेले असते. काम वाटून घेतले तर फार बरे पडते: राहण्याची जागा तो पाहायचा, बस व सीमा माझ्याकडे. ज्याचे खाते त्याचा निर्णय, आणि चूक झाली तर "मी म्हटले होते" हे शब्द बोलायचे नाहीत. हे शेवटचे आम्हाला नीटसे जमले नाही.

स्वयंपाकाचे भांडे न्यावे का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून सांगून टाकते. अर्ध्या लिटरचे विजेचे भांडे आम्ही नेले होते आणि मुगाच्या खिचडीने आम्हाला तारले. भाजणी, मेतकूट आणि चटण्यांविषयी मात्र प्रत्येक देशाचा नियम आधी वाचा. चिलीसारखे देश बी, डाळ, फळ, मध यांबाबत फार कडक आहेत. तिथे प्रतिज्ञापत्रावर "खाद्यपदार्थ आहेत" असे लिहिले तर फार तर पुडी काढून घेतात, लिहिले नाही तर दंड होतो.

अनवट

याला पुष्टी. काम वाटून घेण्याच्या जोडीला पैसेही वाटून ठेवावेत: दोघांकडे दोन वेगळ्या बँकांची कार्डे, वेगळ्या पिशव्यांत. दुकानदाराने यंत्र पुढे करून रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले तर नाही म्हणावे आणि स्थानिक चलनातच द्यावे. रुपयांचा दर तिथे नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

नकाशावेडी

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. आराखडा पूर्ण बदलला आहे, तो पुन्हा तपासून द्यावा ही विनंती.

पहिला भाग एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, १४० दिवस. युरोपात चाळीस रात्री, आणि त्या ग्रीस, बल्गेरिया व रोमेनिया या तीनच देशांत. बल्गेरिया आणि रोमेनिया जानेवारी २०२५पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आल्यामुळे एकाच व्हिसात बसतात. सर्वाधिक रात्री ग्रीसमध्ये असल्याने अर्ज ग्रीसकडे. मग जॉर्जिया ४५, कझाकस्तान १४, किर्गिझस्तान २५ आणि उझबेकिस्तान १६ दिवस. पॅरिस, रोम, लंडन तिन्ही गळाले. नवरा दोन दिवस गप्प होता, मग त्याने स्वतःहून जॉर्जियाचे दिवस वाढवले.

मधले ४५ दिवस साताऱ्याला सासरी, कारण पुण्याचे घर महिना २२,००० रुपयांनी अकरा महिन्यांसाठी देत आहोत. एक खोली कुलूप लावून आमच्या सामानासाठी ठेवणार.

दुसरा भाग ऑक्टोबरच्या मध्यापासून १८० दिवस: जपान १६, मेक्सिको ३५, कोलंबिया ३०, पेरू ३५, अर्जेंटिना ४० आणि केनिया-टांझानिया २४. मेक्सिकोत ऑक्टोबरअखेर पोचतो, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरचा तिथला मृतांचा सण सापडेल. आग्नेय आशिया गोदाकाठ यांच्या सल्ल्याने काढला. देश २४वरून १४वर आले.

खर्चवही

आता वही जुळते. युरोपच्या ४० रात्री दिवसाला ६,५०० प्रमाणे दोन लाख साठ हजार, जपानच्या १६ रात्री ८,००० प्रमाणे एक लाख अठ्ठावीस हजार. बारा लाखांत अकरा महिन्यांचे भाडे दोन लाख बेचाळीस हजार मिळवा आणि हे दोन्ही खर्च वजा करा. उरतात दहा लाख चौपन्न हजार आणि रात्री २६४. दिवसाला दोघांना जवळपास ४,००० रुपये. ऐषआराम नाही, पण महिन्यातून एकदा चूक करायला जागा आहे. गोदाकाठ यांच्याशी माझा मतभेद होता, तो मागे घेतो; जॉर्जिया व मध्य आशियाचे शंभर दिवस तेच काम करतील. भाडेकरूची ठेव मात्र प्रवासखर्चात मिसळू नका. ती परत द्यायची असते, हे लोक विसरतात.

गोदाकाठ

दोन सूचना. कुस्को आणि माचू पिच्चूच्या भागात जानेवारीत पाऊस असतो, आणि इंका पायवाट फेब्रुवारीत पूर्ण बंद ठेवतात. तुम्ही पेरूत जानेवारीच्या सुरुवातीला शिरत आहात असे दिसते; पर्वतांचा भाग आधी करा आणि लिमा, नाझ्का हा कोरडा किनारा नंतर ठेवा. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्चमध्ये सुरू होतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या दिवसांत रस्ते चिखलाचे असतील, पण त्यामुळेच दर उतरलेले असतील.

दोन_पिशव्या

पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी असावी आणि कोरी पाने मोजून घ्या. नवा काढणारच असाल तर ३६ऐवजी ६० पानांचा मागा. फरक ५०० रुपयांचा आहे. व्हिसाचे नियम मी लिहिले तसे आज आहेत. प्रत्येक भागाच्या आधी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा वाचा, माझ्या प्रतिसादावर विसंबून विमानात बसू नका.

नकाशावेडी

अमेरिकेच्या व्हिसाचे शुल्क आज भरले आणि रजेचे पत्र हातात आले. त्यात रुजू होण्याची तारीख आहे, ती नवऱ्याने मागून घालून घेतली. आमचे दोघांचे पासपोर्ट ३६ पानांचे आहेत आणि त्याच्या पासपोर्टात सातच पाने कोरी निघाली, त्यामुळे आता पहिली फेरी पासपोर्ट कार्यालयात. पिवळ्या तापाची लस मधल्या मुक्कामात, सप्टेंबरमध्ये घेऊ.

आराखड्याची छापील प्रत सासूबाईंनी मागून घेतली. त्यांनी बाकी काही वाचले की नाही ठाऊक नाही. मधल्या ४५ दिवसांभोवती लाल पेनाने चौकोन काढून कागद फ्रिजवर लावला आहे, आणि मोदकांची पिठी किती दळून आणायची ते आत्ताच विचारले आहे.

मुलाखतीची तारीख मिळाली की इथेच कळवीन.